दाराची साक्ष

माझी नोकरी दोष काढण्याची होती. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, म्हणजे नोटांच्या छापखान्यात, तपासणी विभागात मी छत्तीस वर्षं काढली. छापलेले ताव समोर यायचे, ते बोटांनी उलटायचे आणि शाई फाकलेली, आकडा सरकलेला, धागा चुकलेला नग बाजूला काढायचा. सवय हाडीमासी खिळते. माझी बायको मंदा म्हणते, "हे पोळी खात नाहीत, आधी तपासतात." ती म्हणते ते खरं आहे.

असा माणूस फसायला नको. पण २०१४ साली एका मॉलमध्ये आमचं नाव चिठ्ठीत निघालं, बक्षिसाचा डिनर सेट घ्यायला गेलो आणि हॉलिडे क्लबचं पंचवीस वर्षांचं सभासदत्व घेऊन घरी आलो. डिनर सेटमधल्या सहापैकी दोन ताटल्या वाटेतच फुटल्या.

या क्लबची रीत अशी की दरवर्षी तुमच्या खात्यात पॉइंट जमा होतात. त्या पॉइंटवर क्लबच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये चार-पाच रात्री राहता येतं. एकतीस मार्चपर्यंत वापरले नाहीत तर पॉइंट बुडाले, पण देखभालीची वर्गणी मात्र जा किंवा जाऊ नका, भरायचीच. सुरुवातीला आम्ही हौसेने गेलो. पुढे मंदाचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा मी पॉइंट भाड्याने द्यायला सुरुवात केली. खोली पाहुण्याच्या नावाने काढायची आणि त्याच्याकडून पैसे घ्यायचे. वर्गणी सुटायची, वर थोडं उरायचं.

अडचण एकच होती. अनोळखी माणसाकडून पैसे घ्यायचे कसे? त्याने आधी द्यावेत तर खोली मिळेल याची त्याला खात्री नाही. मी आधी खोली द्यावी तर पैसे मिळतील याची मला खात्री नाही. पहिल्या पाहुण्याने पैसे भरल्याचा बँकेचा संदेश मला दाखवला. तो बनावट होता. जन्मभर खऱ्याखोट्या कागदांत घालवलेल्या माझ्यासारख्याला त्याने मोबाइलच्या पडद्यावर गंडवलं. दुसरे एक गृहस्थ त्याहून वरचे निघाले. त्यांनी पैसे खरेच दिले, चार दिवस राहिले, कोळंबी खाल्ली आणि घरी पोहोचल्यावर 'माझ्या खात्यातून फसवून पैसे काढले' अशी तक्रार ठोकली. चौकशी होईपर्यंत माझं खातं गोठलं. नेमकी त्याच महिन्यात मंदाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलेली होती. ती पुढे गेली आणि साडेचार महिने मंदा भिंत धरून चालली. त्या दिवसांत मी देवासमोर नाही, पण आरशासमोर शपथ घेतली की यापुढे कुणाच्या शब्दावर एक रुपया सोडायचा नाही.

आणि मग जोडनोट आली.

ती समजून घ्यायला मला तीन व्याख्यानं ऐकावी लागली, पण आता मी कुणालाही समजावू शकतो. आम्ही नोटेत जे काही घालायचो, धागा, जलचिन्ह, रंग बदलणारी शाई, त्या सगळ्याची नक्कल होऊ शकते. वेळ आणि अक्कल लागते इतकंच. पण एका अणूची क्वांटम अवस्था जशीच्या तशी उतरवून घेणं निसर्गालाच मंजूर नाही. नक्कल करायला जाल तर मूळच मोडतं. मग शास्त्रज्ञांनी ही अवस्था साठवायची कुठे, ते शोधलं. हिऱ्याच्या कणात कार्बनच्या अणूंची रांग असते. त्यात एखादा अणू नायट्रोजनचा घुसला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, तर तो हिऱ्यातला दोष. त्या दोषात ही अवस्था नुसत्या खोलीच्या तापमानाला टिकते. आधी क्षणभर टिकायची, हळूहळू तो काळ दीड वर्षावर गेला आणि २०३५च्या सुमारास असा हिऱ्याचा कण प्रत्येक मोबाइलमध्ये बसला. जन्मभर मी दोष काढत बसलो आणि आता पैसा दोषातच राहायला गेला! मला फार गंमत वाटली.

आता दोन मोबाइल पाठीला पाठ लावले की दोघांतल्या दोषांची अवस्था एकमेकींत गुंतते. अर्धी नोट देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. एकट्या अर्ध्याला काडीची किंमत नाही. ते पूर्ण व्हायला एका साक्षीदाराच्या दोन बारीक खुणा लागतात आणि हा साक्षीदार म्हणजे माणूस नव्हे, यंत्र. आमच्या धंद्यात, खोलीच्या दाराचं कुलूप. ठरलेली अट पुरी झाली की कुलूप त्या खुणा घेणाऱ्याकडे पाठवतं आणि पैसे त्याचे होतात. वेळ टळली की खुणा देणाऱ्याकडे जातात, पैसे त्याच्याकडे परत, आणि खोली यादीतल्या पुढच्या माणसाला, जो तिचे पैसे मला देतो. अट एकदा बांधली की बांधली. बँकेला, क्लबला, कुणालाही ती बदलता येत नाही, कारण ती उघडून बघायला गेलं तरी मोडते. तक्रार नाही, चौकशी नाही, गोठणं नाही.

दोन वर्षांत मी अकरा अनोळखी माणसांना पॉइंट दिले आणि एकाचंही आडनाव लक्षात ठेवलं नाही. गरजच पडली नाही.

हळूहळू जोडनोट सगळीकडे शिरली. शिंपी ब्लाउज अंगाला बसल्यावर पैसे घेऊ लागला. क्लासवाले टक्क्यांवर घेऊ लागले. आमच्या पुतण्याच्या लग्नात कुणीतरी 'लग्नाचा पहिला वाढदिवस एकत्र साजरा झाल्यास' असा आहेर बांधला, त्यावरून मांडवात वाजलंच. पुण्याचा आमचा मुलगा हर्षद आईच्या औषधांचे पैसे पाठवतो, पण गोळ्यांची डबी रोज उघडली तरच ते पूर्ण होतात. मंदा डबी उघडते, गोळी घेते आणि म्हणते, "घेतली हो, मालक." मला ते ऐकायला बरं वाटत नाही. पण गोळ्या चुकत नाहीत हेही खरं आहे.

या वर्षी, म्हणजे २०३८च्या फेब्रुवारीत, निवृत्ती आव्हाड घरी आला.

निवृत्ती आणि मी एकाच वर्षी प्रेसमध्ये लागलो. सव्वीस वर्षं एकाच टेबलावर समोरासमोर बसलो. त्याच्या डब्यातली मिरचीची भाकरी आणि माझ्या डब्यातली मेथी यांची रोज अदलाबदल व्हायची. रिटायर झाल्यावर तो सिन्नरजवळ आपल्या गावी, डुबेऱ्याला गेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही जुने प्रेसवाले मिसळ खायला जमतो, तेव्हा तो हटकून माझ्या शेजारी बसायचा.

"भास्कर, तुझे ते पॉइंट अजून हायेत का?" त्याने चहाची बशी खाली ठेवत विचारलं. "सिंधूला समुद्र दाखवायचाय. पासष्ट वर्षांची झाली, अजून समुद्र पाह्यला नाही बाईनं. आन् दुसऱ्याच्या हातचं आयतं खाऊन झोपली, अशी एक रात्र नाही."

"दापोलीजवळ कर्द्याला आहे रिसॉर्ट. अगदी पाण्याला लागून. मार्चअखेर चार रात्री बसतात," मी म्हणालो.

"झालं तर मग. पैसे सांग, आत्ता देतो." त्याने मोबाइल काढला.

इथे मी म्हणायला हवं होतं, 'दे नंतर.' पण माझ्या तोंडून निघालं, "थांब, जोडनोट करू."

तो हसायचा थांबला. "माझ्यासंगं?"

"अरे, मी सगळ्यांशीच करतो. त्यात तुझं-माझं काही नाही. आपली रोज सुटताना गेटवर झडती व्हायची की नाही? कधी अपमान वाटला आपल्याला?"

"झडती गेटावर व्हायची, भास्कर," निवृत्ती म्हणाला. "टेबलावर नाही."

मंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं नाही. निवृत्तीने एवढं बोलून मुकाट्याने आपला मोबाइल माझ्या मोबाइलला लावला. अटींची यादी समोर आली. 'दार उघडले' ही साधी अट होती. पण आदल्या वर्षी एका पाहुण्याने 'दार सफाईवाल्यांनी उघडलं होतं' असा वाद घातला होता, म्हणून मी आता नेहमी दुसरी, कडक अट घेत असे. 'मुख्य पाहुण्याच्या बोटाने, ठरल्या दिवशी रात्री आठच्या आत दार उघडले.' बोटाचा ठसा सरकारी ओळखपत्राच्या नोंदीतून आपोआप येतो. सवयीने मी तीच अट बांधली. निवृत्तीने चहा अर्धा ठेवला. तसं त्याने कधी केलेलं नव्हतं.

अठ्ठावीस मार्चला संध्याकाळी सात छत्तीसला मंदाचा फोन वाजला. पलीकडे सिंधूवहिनी होत्या.

"मंदाताई, हे दार उघडंना हो. ह्यांनी धाही बोटं लावून पाह्यली." मागून निवृत्तीचा आवाज आला, "कशाला सांगती त्यांना? ठेव फोन!"

मी फोन घेतला, तोवर पलीकडे रिसॉर्टच्या काउंटरवरची मुलगी आली. "काका, मी माझ्या कार्डाने दार उघडून देईन, पण ते धरलं जाणार नाही. आठ वाजता बुकिंग जाईल. मार्चएंड आहे, यादीत नऊ जण थांबलेत. आसपास कुठेच खोली नाही."

मी माझ्या हातांकडे पाहिलं आणि चूक लख्ख दिसली. छत्तीस वर्षं कागदावर घासलेली आमची बोटं गुळगुळीत झालेली आहेत. प्रेसमधल्या कुठल्याही तपासनिसाला विचारा. ओळखपत्रावरचे ठसे सत्तावीस वर्षांपूर्वीचे, तेव्हा फिक्या का होईना, रेषा होत्या. आता माझा स्वतःचा मोबाइल बोटाने उघडत नाही, तोंड दाखवावं लागतं. साऱ्या जगाला ही अट चालली असती. ती नेमकी निवृत्तीला घालणारा मी, त्याच्या समोरच्या खुर्चीवर सव्वीस वर्षं बसलेला माणूस!

उपाय एकच होता. घेणाऱ्याला आपली अर्धी बाजू सोडता येते. तसं केलं की पैसे देणाऱ्याकडे परत जातात आणि खोली भेट म्हणून पाहुण्याच्या नावावर राहते. माझ्या पडद्यावर प्रश्न आला होता, 'तुमची बाजू सोडायची?' खाली हो आणि नाही.

मी हो दाबलं नाही.

हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी गॅलरीत जाऊन खुर्चीत बसलो. हो म्हटलं की पॉइंट गेले, पैसे गेले, मागे राहिला तो फक्त निवृत्तीचा शब्द. आणि तो शब्दही त्याने दिलेला नव्हता. फेब्रुवारीत तो रागावून गेला होता. रागावलेला माणूस काय हिशेब करील सांगता येतं का? कोळंबी खाऊन गेलेले ते गृहस्थही बोलायला गोडच होते. नव्व्याण्णव साली निवृत्तीने माझी काळी छत्री नेली होती, ती अजून परत आलेली नाही. खरंच, मला तेव्हा छत्रीही आठवली. चव्वेचाळीस वर्षांच्या ओळखीचा माणूस मी ताव उलटावा तसा उलटून पाहत होतो आणि दोष शोधत होतो.

मंदा काठी टेकत गॅलरीत आली.

"अहो, काय करताय? ती बाई दारात उभी आहे."

"बघतोय."

"काय बघताय? तुमच्या त्या व्यवहारापायी साडेचार महिने मी भिंत धरून चालले. मी एका शब्दाने बोलले का तुम्हाला? मग निवृत्तीभाऊजींनी पैसे बुडवले तरी नाही बोलणार. सोडा ते."

मी हो दाबलं. सात एक्कावन्न झाले होते.

सात बावन्नला मोबाइल किणकिणला. निवृत्तीने पैसे पाठवले होते. सगळे, साधे, कसलीही अट नसलेले.

मला हायसं वाटलं, ते जेमतेम एक घोट पाणी पिईपर्यंत. मग मी जोडनोटेची साक्षपट्टी उघडली. प्रत्येक व्यवहाराची अशी पट्टी राहते आणि ती दोन्ही बाजूंना दिसते. तीवर स्वच्छ लिहिलेलं होतं. ७.३६, कुलपाने ठसा नाकारला, दोघांना कळवले. ७.५१, घेणाऱ्याने बाजू सोडली. खाली त्याच्या साध्या पैशांची वेळ, ७.५२. मला विचार करायला पंधरा मिनिटं लागली होती. त्याला पैसे द्यायला एक मिनिट लागलं होतं. आणि हे त्यालाही दिसत होतं.

सिंधूवहिनींनी मंदाला फोटो पाठवले. लुगड्याचा ओचा वर खोचून त्या पाण्यात उभ्या आणि हसून डोळे मिटलेले. चार दिवसांत त्यांनी बावीस फोटो पाठवले. निवृत्तीचा एक शब्द आला नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तो मिसळीला आला आणि पलीकडच्या टेबलावर बसला. मे महिन्यात आलाच नाही. मी फोन केला तर सिंधूवहिनी म्हणाल्या, "शेतात गेलेत, भाऊजी." तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तो शेतातच होता. मला फार वाईट वाटलं. अन्न गोड लागेना. घरात मंदा होती, हर्षदचा रोज फोन होता, तरी मला एकटं वाटायला लागलं. यंत्राने मला अकरा अनोळखी माणसांपासून वाचवलं होतं आणि एक ओळखीचा माणूस माझ्याच हातून गेला होता.

"फोनवर काय माफी मागताय? जा तिकडे," मंदा म्हणाली. मेच्या अखेरीस मी सिन्नरची गाडी धरली आणि तिथून रिक्षाने डुबेऱ्याला गेलो.

निवृत्ती कांद्याच्या चाळीत पाटावर बसून कांदे निवडत होता. सडका एकीकडे, चांगला दुसरीकडे. त्याने मान वर केली, मला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी दुसरा पाट ओढला आणि समोर बसून कांदे निवडायला लागलो. सिंधूवहिनी पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. अर्धा तास दोघांचे हात जुन्या लयीत चालले होते.

"पंधरा मिनिटं काय करू ऱ्हायला व्हता?" त्याने कांद्याकडे पाहत विचारलं.

वाटेत मी कारणं जुळवली होती. नेट गेलं होतं, मंदाला बरं नव्हतं, मोबाइल सापडत नव्हता. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"शंका घेत होतो," मी म्हणालो.

"माझी?"

"तुझीच. चुकलो, निवृत्ती. छत्रीसुद्धा काढली मी मनात."

"कंची छत्री?"

"नव्व्याण्णव सालची. काळी."

"ती व्हय," तो म्हणाला. "ती दुसऱ्याच दिशी मोडली. सांगायचं राह्यलं."

आम्ही आणखी दोन-चार कांदे निवडले. मग तो हात पुसत थांबला. "मला बी एक मिनिट लागलं," तो म्हणाला.

"पैसे पाठवायला तेवढा वेळ लागतोच."

"लागत नाही. तोंड दाखवलं का जातात." तो बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता. "तू सोडलं आन् पैसे माझ्याकडं माघारी आले. पोरीनं दार उघडून दिलं, सिंधू आत गेली. मी वऱ्हांड्यात उभा. म्हणलं, आता नाहीच दिले तर? हा काय करणार? ना कागद ना साक्ष. टेबलावर झडती घेतली ना माझी, मग बसू दे बोंबलत. खरं सांगतो भास्कर, मोबाइल खिशात घातला व्हता मी."

"मग?"

"मग काढला."

हे त्याने सांगायची काही गरज नव्हती. पट्टीवर त्याच्या नावापुढे फक्त एक मिनिट होतं आणि त्या मिनिटावर जगात कुणी बोट ठेवलं नसतं. मी तर गेले दोन महिने त्या एका मिनिटाला मनातल्या मनात नमस्कार करत होतो. तो खिशात गेलेला आणि बाहेर आलेला हात कुठल्याही कुलपाला दिसला नव्हता. तो त्याने आपण होऊन मला दाखवला. माझे डोळे भरून आले, आणि चाळीत बसून कांद्याचं नाव सांगायची सोय होती तरी मी ते सांगितलं नाही.

"चव्वेचाळीस वर्षांत तुझा इतका भरवसा मला कधी वाटला नव्हता," मी म्हणालो.

"कांदे बघ," निवृत्ती म्हणाला आणि त्याने आपल्या पुढ्यातला अर्धा ढीग माझ्याकडे लोटला.